कमलच्या फोनमधली भाकरी

माझ्या नणंदेची, कमलची, सगळी गाणी मी पुसून टाकली.

आज कमलला जाऊन वर्ष झालं.

मी दुसरी पास. हे बी फोनला बोलून-बोलून लिहून राहिले. चुकलं तर नात सुधरती.

कमल लातूरला टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाली अन् लोह्याला आमच्याकडंच राहायला आली. तिला मागं-पुढं कुणी न्हाई. मला वाटलं, बरं झालं, लसूण सोलायला जोडीला बाई आली.

कुठला लसूण!

बाईनं एक जुना मोबाईल घेतला, कंपनीनं आत भरलेलं सगळं काढलं अन् दुसरंच काही घातलं. ओपन सोर्स म्हणायची.

"म्हणजे काय गं?"

"वहिनी, हे जगातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीबी उघडून बघावं, सुधरावं, दुसऱ्याला द्यावं. कुलूप न्हाई."

"मग तुझ्या फोनला पिन काहून?"

"ती तुमच्यासाठी!"

लई हसली. नवीन दात बसवले होते तवा.

त्या फोनवर ती गाणी करायची. पेटी न्हाई, तबला न्हाई. हापशाची करकर, माझी शिलाई मशीन, असले आवाज धरायची. मग बोटानं कापून, ताणून, उलटे फिरवून त्याचं म्युझिक.

मी भाकरी थापायला बसले की फोन परातीजवळ.

"अगं, पीठ जाईल त्यात!"

"जाऊ द्या. बांगड्या काढू नका, आवाज पाहिजे. अन् जरा गप बसा."

साठी उलटलेली बाई, भाकरी खायला न्हाई, ऐकायला बसायची.

गाणी कुणाला दिली नव्हती. "सगळी नीट झाली की देते," म्हणायची.

एका दुपारी झोपली, ती उठलीच न्हाई.

तिच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला, त्यात बुद्धवंदना झाली की तिची गाणी लावावी, असं माझ्या मनात आलं. पिन कुणालाच माहीत न्हाई. कुणाला न सांगता मी फोन घेऊन स्टँडजवळच्या दुकानात गेले.

"मावशी, रीसेट मारावं लागतंय. मारू का?"

"मार की बाबा. उघडल्याशी मतलब."

त्याचा काय दोष? त्यानं विचारलं होतं.

फोन उघडला! मी इतकी खुश, की पावशेर पेढे घेऊन घरी आले. मयताच्या घरी पेढे, लोक काय म्हणतील हे बी सुचलं न्हाई.

नातीनं फोनवर इकडून तिकडून बोट फिरवलं. मग खाली ठेवला.

"आजी, कोरा हाय गं हा."

ते पेढे कुणी खाल्ले, ध्यानात न्हाई.

एक तुकडा तेवढा राहिला, माझ्या फोनमधी. कमलचा कॉल आला की वाजावा म्हणून तिनंच बसवलेला. थप थप थप, बांगड्यांची किणकिण, मधीच टुंव करून काहीतरी लांब गेल्यासारखं.

तवा मी वैतागायचे. "शेजारच्या खोलीतून फोन कशाला करतीस? हाक मार की!"

"हाकेत म्युझिक न्हाई ना, वहिनी."

नात म्हणती, फाईल काढून देते, पाहिजे तवा ऐक. मला तसं नको.

तिचं सिम चालू ठेवलंय. आज सकाळी नातीला त्याच कोऱ्या फोनवरून मला कॉल लावायला सांगितला अन् मी परातीपाशी जाऊन बसले.

वाजला. वर नाव आलं, कमल.

उचलला की गाणं थांबतं.

म्हणून उचलला न्हाई गं. राग धरू नको.

जयभीम, कमल.