चौथ्या खोलीचे चार अंश

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, औषधांच्या शीतगोदामात कॉम्प्युटरचं बघतात. बघतात म्हणजे नुसतं बघतातच, तेही खुर्चीतून. मी तिथेच मालाची नोंद करते, त्यामुळे हे ध्यान मला घरी आणि कामावर दोन्हीकडे सोसावं लागतं. खिशात टेस्टर आणि तोंडात एकच वाक्य, "सिस्टिम माझ्यावर सोडा." उथळ पाण्याला खळखळाट फार!

गोदामात चार थंड खोल्या, प्रत्येकीत तापमान मोजणारं जुनं यंत्र. यंत्रांच्या तारा ऑफिसातल्या एका डब्याच्या पोर्टांत येतात आणि डबा ते आकडे नेटवर्कवरून पडद्यावर पाठवतो. फक्त यंत्र ज्या वेगाने आकडे पाठवतं, तोच वेग त्याच्या पोर्टला द्यावा लागतो, नाहीतर पडद्यावर कचरा येतो. डबा बिघडला, दाजींनी नवा बसवला. चौथ्या खोलीतलं यंत्र वेगळ्या कंपनीचं, संथ. हे कळायला आत जाऊन बघावं लागतं, आणि दाजींना थंडी बाधते! त्यांनी पहिल्या पोर्टची सेटिंग केली, 'सर्व पोर्टना लागू करा' दाबलं आणि चहा मागवला.

पडद्यावर चौथ्या खोलीच्या चौकटीत कचरा उमटला. मग या पठ्ठ्याने काय करावं? वाचता येईल असं काही आलं नाही, तर शेवटचा चांगला आकडा दाखवत राहायचा, अशी सोय करून ठेवली. तो जुन्या डब्याने पाठवलेला, चार अंश.

"दाजी, हा आकडा हलत का नाही?" मी विचारलं.

"स्थिर आहे. याला म्हणतात सेटिंग!"

खोल्यांची देखरेख करणारे काका एकदा सांगायला आले, "चौथीत गारवा वाटत नाही हो." दाजी हसले. "काका, तुमच्या अंगावर विश्वास ठेवू की माझ्या सिस्टिमवर?"

चौथीचं कूलिंग बंद पडलं होतं. आतली सगळी औषधं फुकट गेली. मालक आले, तर दाजी पडद्याकडे बोट दाखवून मोकळे. "आकडा बरोबर आहे. काकांनीच दार उघडं टाकलं असणार." मालक काकांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." काका बिचारे टोपी काढून चुरगाळत उभे राहिले. घरात कमावणारे ते एकटेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ डब्यापाशी गेले आणि चौथ्या पोर्टची तार उपटून मालकांसमोर धरली.

"आता पडद्यावर बघा."

चार अंश.

मालक आधी तारेकडे, मग दाजींकडे बघत राहिले. काकांना त्यांनी हात धरून खुर्चीवर बसवलं. दाजींना मात्र स्वेटर घालून चौथी खोली पुसायला पाठवलं.

ताईने माझ्याशी बोलणं टाकलंय. दाजींचं तोंड कुठलं बंद व्हायला! येईल त्याला सांगतात, "सिस्टिम उत्तम चालली होती हो, मेहुणीने तार उपटली."