न समजलेल्या ओळी

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आत वडील गेले. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण दर्यापूरला शाळेत होतो तोवर माझा सगळा अभ्यास त्यांच्यासमोर झाला. आमच्याकडे अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. ते अंबाडीचे दोर वळत बसायचे, मी वाचायचो. मधेच त्यांचा हात थांबे.

"थांब. हे तुले समजलं नाही."

ते बरोबर असे. न समजलेल्या ओळीवर माझा आवाज घाईनं पुढं पळायचा, आणि ते त्यांना ऐकू यायचं.

पावसाळ्याच्या तोंडी अमरावतीच्या कॉलेजात नाव घातलं. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, मला बसपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सहामाहीत पास झाला तं शिक. नाही तं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले ये, मुकादमाले सांगून ठेवलं हाय. तुही माय एकटी किती दिवस लोकाच्या वावरात निंदाले-वेचाले जाईन?"

त्यांचं चूक नव्हतं.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून. शाळेतले मास्तर एकच गोष्ट तीनदा सांगत. इथं घंटा झाली की प्राध्यापक निघून जात. वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून शाळेसारखा मोठ्यानं सुरू झालो. खोलीतला जोडीदार अकोल्याचा होता. तो उठून बसला.

"काहून बे, भजन लावलं का? मनात वाच ना!"

मनात वाचू लागलो. पानं भराभर उलटत, सगळं समजल्यासारखं वाटे. पहिल्या चाचणीत अर्थशास्त्रात सपशेल नापास झालो.

त्या दिवशी ठरवलं, वाचायचं तर मोठ्यानंच. सकाळी लवकर उठून पुस्तक घेऊन मैदानापलीकडच्या रस्त्यानं चालत वाचू लागलो. भाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात निघालेल्या बाया थबकून बघत. एक दुसरीला म्हणाली, "चांगल्या घरचा दिसते वं पोरगा. एवढ्यातच डोकं फिरलं!"

मी वाचत राहिलो. हळूहळू माझ्याच आवाजाकडे कान देता येऊ लागला. जिथं तो पळे तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. प्रत्येक रेघेला वाटे, 'थांब' म्हणणारं माणूस हवं होतं. तरी रेघ मारायची. मग तास संपला की प्राध्यापकांच्या मागं जिन्यापर्यंत जाऊन एकेक ओळ विचारायची.

"पुन्हा तुम्ही?" ते म्हणत. मागची पोरं हसत. मी जिना सोडला नाही.

सहामाहीत सगळ्या विषयांत पास झालो. दिवाळीत गावी गेल्यावर गुणांचा कागद मोठ्या बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"अर्थशास्त्रात जेमतेमच हाय."

"पास हाय," मी म्हणालो. त्यांच्यासमोर इतकं ताठ मी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग पायात वहाणा घातल्या आणि पोरगा येणार नाही म्हणून मुकादमाला सांगायला निघाले.