वास येऊन राहिला

मराठी भाषेवर माझं चांगलं प्रभुत्व आहे, आणि त्यामुळे गेल्या वर्षी दोन माणसं मरता मरता वाचली.

सविस्तर सांगतो. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा हातात दोन गोष्टी उरल्या. एक, लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची सवय. दोन, धायरीतला एक वन बीएचके. (तो घेतला तेव्हा 'पुढेमागे तिथे राहायला जाऊ' असं ठरलं होतं. पुढे आलं, मागेही आलं, पण आमची सुलभा कोथरूड सोडायला तयार होईना.) म्हणून फ्लॅट भाड्याने दिला. भाडेकरू यवतमाळचे, सख्खे बहीण-भाऊ. प्रणय मेश्राम आयटीत नोकरीला आणि धाकटी स्नेहल स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. मुलं इतकी गुणी, की पहिले आठ दिवस मला तक्रारीला जागाच सापडेना.

फ्लॅट मी अगदी तयार करून दिला होता. "तुम्ही फक्त कपडे घेऊन या," असं रुबाबात सांगितलं होतं. शेगडी माझी, सिलिंडरची नळी माझी, लायटर माझा, बाथरूममधला गॅस गीझरही माझाच. आता नळीचं म्हणाल तर, कोथरूडच्या घरी एजन्सीच्या माणसाने नवी नळी बसवली आणि जुनी माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही टाकून द्या." टाकून द्या! पुण्यात वस्तू टाकत नाहीत, माळ्यावर ठेवतात. ती मी माळ्यावरून काढली, धुतली, पुसली आणि धायरीला स्वतःच्या हाताने बसवली. शेगडीच्या टोकाला जरा सैल बसत होती आणि क्लिप काही सापडेना. मग सुतळीने घट्ट बांधली. दोन गाठी मारल्या, वर तिसरी, शोभेची.

पहिल्या दिवशी किल्ल्या देताना प्रणय म्हणाला, "काका, चाबी एकच आहे का जी?" मी लगेच म्हटलं, "चाबी नाही, किल्ली. आणि 'जी' कशाला?" बिचारा ओशाळला. तेव्हापासून तो माझ्याशी मोजून मापून, पाठ केल्यासारखं पुस्तकी मराठी बोलायचा. मला वाटलं, चला, एक विद्यार्थी सुधारला.

बाकीचा संवाद व्हॉट्सॲपवर. म्हणजे मी पाठवायचो, ते वाचायचे. 'रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवू नये.' 'लाइटची बटणे ओल्या हाताने दाबू नयेत. कोरड्या हातानेही वारंवार दाबू नयेत.' 'गॅलरीतील कपड्यांचे पाणी खालच्यांच्या गॅलरीत पडल्यास ते आपले पाणी समजले जाईल.' अशा दोन महिन्यांत मी चाळीसेक सूचना धाडल्या असतील. गॅसबद्दल एकही नाही. तो मी स्वतः बसवला होता ना, मग त्यात काय बघायचं!

आणि मग तो रविवार उजाडला. सकाळचे दहा वाजले होते. सुलभा मेथी निवडत होती, मी पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करत होतो. फोन वाजला. प्रणय घाबराघुबरा होऊन बोलत होता.

"काका, गॅसचा वास येऊन राहिला ना जी!"

घाबरल्यावर माणूस आपल्या घरची भाषा बोलतो, हे मराठीच्या शिक्षकाला ठाऊक असायला हवं होतं. पण मी काय केलं? मी वाक्याचं पृथक्करण केलं! येऊन म्हणजे आल्यानंतर. राहिला म्हणजे थांबला. (आमची आई नाही का म्हणायची, 'पाऊस राहिला', 'बाळाचा ताप राहिला'?) म्हणजे वास आला आणि थांबला. पूर्ण भूतकाळ! विषय संपला!

"राहिला ना? मग उत्तम झालं," मी म्हटलं.

"काका... वास येऊन राहिला."

"अरे, ऐकलं मी. आला आणि राहिला. आता घाबरायचं काय त्यात?"

"म्हणजे... चालते?"

"'चालते' नाही रे, 'चालतं'."

"मग मी चहा मांडू?"

"'मांडू' काय? चहा टाकतात. टाक की! चांगला आलं घालून टाक!"

मी फोन ठेवला आणि सुलभाला कौतुकाने सगळं सांगितलं. पोरगा घाबरला की अजून कसा घसरतो, 'येऊन राहिला' काय म्हणतो, वगैरे. तिच्या हातातली मेथी खाली पडली. सुलभाची मामी अकोल्याची. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने तिथे काढलेल्या.

"अहो, 'येऊन राहिला' म्हणजे येतोय! आत्ता येतोय! अजून येतोय!"

"असं कसं असेल? व्याकरणाच्या दृष्टीने बघितलं तर..."

"व्याकरण घाला चुलीत! आणि चुलीवरून आठवलं, तुम्ही त्याला चहा टाकायला सांगितलात!"

मी फोनवर झडप घातली. प्रणयला फोन लावला, नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा स्नेहलने उचलला. वर्गाबाहेर ऐकू जाईल असा माझा आवाज पहिल्यापासूनच आहे. तोच लावला.

"स्नेहल, घर सोडा! आत्ताच्या आत्ता घर रिकामं करा!"

"आँ? काका, काय झालं?"

"प्रश्न विचारायचे नाहीत! गॅस बंद करा! खिडक्या उघडा! लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही, पंखा लावायचा नाही! आणि दोघंही बाहेर व्हा!"

एवढं बोललो आणि फोन हातातून निसटून मेथीच्या ढिगात पडला. सुलभा तोवर तिच्या फोनवरून गॅसच्या तातडीच्या नंबरवर पत्ता सांगत होती. मला जे दहा वाक्यांत जमलं नाही ते तिने एका वाक्यात केलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं ओरडून सांगितल्यावर धोका आहे हे कोणाच्याही लक्षात येईल. येईल की! सांगणारा दुसरा कोणी असता तर नक्की आलं असतं. पण दोन महिने ज्या माणसाने पंखा आणि बटणं यांखेरीज दुसरा विषय काढलेला नाही, त्याने पुन्हा पंखा आणि बटणांवरच ओरडायला सुरुवात केली, तर ऐकणाऱ्याने काय समजावं?

आम्ही स्कूटर काढली. वारज्याच्या पुलाखाली ही गर्दी! मागे बसून सुलभा फोन लावत होती आणि कोणी उचलत नव्हतं.

"हॉर्न वाजवा!"

"अगं, उगाच हॉर्न वाजवणं हे असंस्कृत..."

"वाजवा म्हणते ना!"

मी वाजवला. वारज्यापासून धायरीपर्यंत सलग वाजवला. वडगावच्या चौकात एका रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उल्लेख केला आणि त्याच्या वाक्यात दोन चुका असूनही मी काही बोललो नाही. डोळ्यांपुढे फक्त ती सुतळी येत होती.

इमारत उभी होती! मी खालून मजले मोजले. तीन. पूर्वीइतकेच. मग पार्किंगकडे लक्ष गेलं. तिथे गुंडाळलेली गादी, दोन मोठ्या बॅगा, मिक्सर, बादली, पुस्तकांचे पाच गठ्ठे आणि त्यातल्या एका गठ्ठ्यावर रडून लाल झालेली स्नेहल. तेवढ्यात कुकर आणि तवा घेऊन प्रणय जिन्यावरून उतरला. घामाने निथळत होता.

"झालं काका. आता एकच खेप राहिली," तो म्हणाला.

'राहिली' म्हणजे नक्की काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"अरे, तुम्ही सामान कसलं बांधताय? वर गॅस पसरलाय!"

"तुम्हीच म्हणाले ना, घर रिकामं करा!" स्नेहल उसळली. "दोन महिन्यांत आमचं काय चुकलं ते तर सांगा. पंखा आम्ही लावूनच नाही राहिलो. उकाड्यात बसून राहिलो!"

"चहा मांडू म्हटलं म्हणून रागावले असतील," प्रणय तिला हळूच म्हणाला.

"मांडलास का तू चहा?" माझा आवाज चिरकला.

"नाही ना जी. लायटर चालून नाही राहिला. वीस वेळा दाबला, ठिणगीच नाही."

मी त्यांच्या गादीवर मटकन बसलो. तो लायटरही मी माळ्यावरूनच काढून दिला होता. या घरात दिलेल्या माझ्या सगळ्या जुन्यापान्या वस्तूंपैकी ज्या एकीने काम केलं नाही, तिच्यामुळे ही दोन मुलं माझ्यासमोर उभी होती. रेग्युलेटर त्यांनी बंद केला होता, खिडक्याही उघडल्या होत्या. सोडून जाताना काकांनी कटकट करू नये म्हणून! आणि नंतर सामानापायी सहा खेपा त्याच घरात घातल्या होत्या.

एवढ्यात गॅसचा माणूस आला. शांत गृहस्थ. तो वर गेला, आम्ही मागोमाग. स्वयंपाकघरात वाकून त्याने शेगडीच्या मागे पाहिलं आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"ही सुतळी कोणी बांधली?"

"मालकांनी," मी म्हणालो. (खोटं नव्हतं.)

"हेच ते मालक," सुलभा म्हणाली.

"अस्सं! गाठ छान मारलीये. बैल बांधायचा होता का?" त्याने नळी उजेडाकडे धरली. ठिकठिकाणी तडे गेलेले होते. "यावर तारीख असते, वाचता येते ना आपल्याला?"

"हे मराठीचे शिक्षक होते," सुलभा म्हणाली.

"मग बरोबर. आकडे नसतील बघितले."

इथवर मी सगळं सहन केलं. मग तो बाथरूममध्ये शिरला. गीझरकडे पाहिलं, वरच्या झरोक्याकडे पाहिलं. झरोक्याला मी प्लायवूडची फळी ठोकली होती.

"ही कशाला?"

"कबुतरं येतात हो."

या वेळी त्याने टोमणा मारला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. स्टुलावर चढून त्याने स्वतः ती फळी उचकटून काढली. "साहेब, नळी फुटली तर वास तरी येतो," तो म्हणाला. "या गीझरच्या धुराला वास नसतो. कोंडलेल्या बाथरूममध्ये माणूस आंघोळीला जातो आणि घरच्यांना दार तोडावं लागतं."

"म्हणून आंघोळीत माझं डोकं दुखायचं का?" प्रणय म्हणाला. "मला वाटायचं, ऑफिसला जायचं म्हणून दुखते."

मला त्यांची आई आठवली. ती एकदाच फोनवर बोलली होती, "पोरं तुमच्या भरोशावर ठेवली जी." तेव्हा मी तिला पाण्याच्या वेळा सांगितल्या होत्या. शरम वाटली, अगदी तोंड लपवावंसं वाटलं. मी त्या दोघांची माफी मागितली. वाक्य लहान होतं आणि बोलताना मध्ये दोनदा अडकलं.

"घर तुमचं, शेगडी तुमची, गीझर तुमचा, तर तपासून घेणंही तुमचंच," गॅसचा माणूस हत्यारं काढत म्हणाला. "यांनी फक्त वास आला की सांगायचं. आणि सांगितलेलं तुम्हाला कळायला पाहिजे!"

त्याने नवी नळी बसवली, नवी क्लिप आवळली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. गीझर उतरवला. दुसऱ्या दिवशी विजेचा आला. सामान मात्र लगेच वर न्यावं लागलं आणि इमारतीला लिफ्ट नाही. पुस्तकांचे पाचही गठ्ठे मी वाहिले. स्पर्धा परीक्षांचा अभ्यासक्रम एवढा जड असतो याची मला कल्पना नव्हती.

मुलं राहतील की जातील, हे तोवर ठरलं नव्हतं. स्नेहलने कुकर आणि तवा पुन्हा ओट्यावर ठेवला. मग माचिस काढून तिने शेगडी पेटवली आणि विचारलं, "काका, चहा मांडू की टाकू?"

"तुला हवं ते कर, बाई," मी म्हटलं.

तिने मांडला. चांगला झाला होता.

त्यानंतर मी बदललो. आता गॅसची तपासणी वेळच्या वेळी एजन्सीकडून करून घेतो आणि पंख्याबद्दल चकार शब्द काढत नाही. परवा तपासणीच्या वेळी सुलभाला घेऊन तिथे गेलो. ती आधी आत गेली, मी खाली स्कूटर लावून वर आलो. शेगडीशेजारच्या भिंतीवर गॅसच्या माणसाने सूचनांचा कागद चिकटवला होता. त्यात शेवटची छापील ओळ होती, 'लहान मुलांपासून दूर ठेवावे.' तिच्याखाली कोणीतरी पेनने ठळक लिहिलं होतं, 'व घरमालकांपासूनही.'

मी प्रणयला विचारलं, स्नेहलला विचारलं. दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या. मग मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि चौकशी तिथेच थांबवली. त्या अक्षरात मला एकतीस वर्षं वाण्याची यादी मिळते आहे.