वहिनी जागेवरून उठल्या नाहीत

त्या बुधवारी मी भाईंदर पूर्वेला बँकेत होतो. पुतण्याचा फोन आला. 'काका, आई गेली.' मी रिक्षा करून शांती नगरला आलो.

शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यानंतर, त्यांनी समुपदेशनाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा शेजारचे शहाभाई जिन्यातच म्हणाले, 'भाभी, सलाह तो आप मुफ्त में देते हो, फिर फीस क्यों भरने का?' वहिनी म्हणाल्या, 'आपने आज तक एक भी सुना क्या?' पुस्तकं त्यांना जड गेली नाहीत. अडलं ते प्रात्यक्षिकात. समोरचा माणूस रडू लागला की त्या उठायच्या, पाणी आणायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. तो डोळे पुसून 'थँक यू काकू' म्हणायचा आणि बोलणं तिथंच संपायचं. प्रात्यक्षिक घेणाऱ्या, त्यांच्या निम्म्या वयाच्या मॅडमनी विचारलं, 'काकू, पाणी त्याला हवं होतं की तुम्हाला?' आणि नापास केलं. आता एकच संधी उरली होती. घरी येऊन भेंडी चिरता चिरता वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, माणूस रडत असताना नुसतं बघत बसू? दगड आहे का मी?'

तरी त्यांनी सराव सोडला नाही. एका रविवारी मलाच समोर बसवलं. 'रडा.' मी म्हटलं, 'असं कसं रडू?' 'दादांना आठवा.' मी आधी हसलो... मग हसणं थांबलं. दादा गेला तेव्हा आमच्या घरात कुणी नीट रडलंच नव्हतं. वहिनी सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या. त्या दिवशी मात्र मी रडलो. वहिनी अर्धवट उठल्या, खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले आणि परत बसल्या. त्यांचेही डोळे वाहत होते, पण त्या हलल्या नाहीत. मी थांबलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'अजून काहीतरी आहे...' आणि खरंच होतं. दादाशी शेवटचे काही महिने मी बोलत नव्हतो, हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

परीक्षेत वहिनी जागेवर बसून राहिल्या आणि पास झाल्या. पेढे घेऊन सगळ्यात आधी शहाभाईंकडे गेल्या. 'अब सलाह बंद.' शहाभाई म्हणाले, 'तो पैसा किस बात का लेंगे?' वहिनी म्हणाल्या, 'चुप बैठने का!' अख्खा मजला हसला.

पुढे तळमजल्यावरच्या एका खोलीत त्या लोकांना भेटू लागल्या. अगदी उत्तन, चेणे अशा लांबच्या गावांहूनही माणसं यायची. वहिनी गेल्याचं कळून परवा आम्हाला भेटायला आलेली उत्तनची एक बाई म्हणाली, 'बाईंनी मला काय पन सांगितलं न्हाय. मीच सांगत गेली.' वहिनींना याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं असेल, असं मला वाटत नाही.

ती खोली बंद झालेली नाही. वहिनींच्या हाताखाली शिकलेल्या दोघी जणी आता ती चालवतात. दर शनिवारी तिथं कुणीतरी बोलत असतं आणि कुणीतरी ऐकत असतं.