तोळ्यात दिलेली परीक्षा

कडू मास्तरांचं नाव खरोखरच कडू होतं. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून आईनं ते ठेवलं होतं. नजर काही लागली नाही, पण माणूस भलता तापट निघाला. बऱ्हाणपूरच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. वर्गात कुणी चुकलं की मास्तरांचा आवाज थेट तापीच्या राजघाटावर ऐकू जातो, असं मुलं म्हणत.

आता तापट माणसं जगात थोडी नसतात. पण दुसऱ्याच्या पोरांच्या काळजीनं झोप उडवून घेणारा तापट माणूस मी तरी हा एकच पाहिला. त्याला कारण होतं. तरुणपणी मास्तरांना डॉक्टर व्हायचं होतं. संस्कृत घेऊन ते झोकात मॅट्रिक झाले, बोचकं बांधून नागपूरला गेले, आणि तिथल्या डॉक्टरीच्या कॉलेजातल्या बाबूनं खिडकीतूनच सांगितलं की विज्ञान घेतलेलं नसेल तर इथं प्रवेश नाही. हे आधी सांगायला बऱ्हाणपुरात कुणी नव्हतं. इंग्रजांच्या राज्यात शिकलेल्या पोराला एक तर कचेरीतली कारकुनी दिसायची, नाहीतर कापसाच्या जिनातली. पुढं मास्तरकीचं शिक्षण घेताना मास्तर हट्टानं विज्ञान शिकले आणि तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला. मुलांची विषय निवडायची वेळ आली की हे घरोघर जाणार, आईबापांसमोर बसणार आणि कोणत्या विषयानं कोणतं कॉलेज उघडतं ते सांगणार. कुणी ऐकलं नाही तर भांडणार.

जैनाबादच्या सोजरबाईशी ते असेच भांडले होते. नदीपलीकडे तिची केळीची बाग होती. नवरा नव्हता, मुलगा एकच, प्रभाकर. तिचा भाऊ यादव जिनात मुकादम होता आणि त्यानं भाच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती.

"मास्तर, हातातली नोकरी सोडून नागपूर कायले दाखवता?" सोजरबाई म्हणाली होती. "तुमच्या शब्दावर थांबते. पण पोरगा एका जरी परीक्षेत उडला, तर दुसऱ्या दिवशी जिनात. मंग तुमचं काई ऐकणार नाई."

मास्तरांनी हो म्हटलं. प्रभाकरचं डोकं त्यांना ठाऊक होतं. घोडं अडलं ते वजनांपाशी. शाळेच्या पेटीतली ग्रॅमची बारीक वजनं कधीच हरवली होती आणि वर अर्ज करून करून मास्तरांचा हात दुखला, तरी नवी पेटी येईना. शेवटी त्यांनी ओळखीच्या तारकशीच्या कारखान्यातून जरीची तार तोलायचा नाजूक काटा आणि तोळे, मासे, गुंजांची वजनं उसनी आणली. मुलं त्यावरच शिकली. तोलायचं तोळ्यात आणि वहीत लिहायचं ग्रॅम करून. "ग्रॅम केल्याशिवाय एक आकडा लिहाल तर हात मोडीन," असं मास्तर रोज बजावत.

मॅट्रिकचे लेखी पेपर चांगले गेले. मग प्रात्यक्षिक परीक्षेला नागपूरहून एक परीक्षक आले. त्यात वेगळं पास व्हावं लागे. आपल्याच शाळेच्या मास्तरांना खोलीत बसायला मनाई, म्हणून कडू मास्तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. दुपारी मुलं बाहेर पडली. मास्तरांना चुकवायचं म्हणून बरीचशी पसार झाली. प्रभाकरच्या शेजारच्या टेबलावरचा गोटू तेवढा सापडला.

"सर, माझं ठीक झालं. पण परभाकरनं तर सगळं तोळ्यातच लिहून टाकलं. मी खुद पाहिलं."

"तोळ्यात? ग्रॅम केले नाहीत?"

"नाही ना सर. पेपर दिला आणि नावेसाठी पळाला."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर त्या पोराच्या हातात तोळे-मासे दिले कुणी? आपणच. आता एका गावठी वजनापायी त्याचं कॉलेज जाणार आणि उद्या तो जिनात गठ्ठे मोजत बसणार. नदीकडे जावं तर परीक्षकांची गाडी सुटेल. मास्तरांनी टांगा पकडला आणि लालबागच्या स्टेशनाकडे पिटाळला. डोक्यावर टोपी नाही हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

परीक्षक फलाटावर बाकावर बसून केळं सोलत होते. मास्तर त्यांच्यासमोर हात जोडून उभेच राहिले.

"साहेब, चूक माझी आहे, पोराची नाही. वजनं मी आणली. तोळ्यात लिहिलं म्हणून त्याला नापास करू नका. हवं तर माझी नोकरी घ्या."

"बसा हो आधी," परीक्षक म्हणाले. "जैनाबादचा उंच मुलगा ना? त्याला प्रयोग कोणता आला होता, विचारलंत?"

मास्तरांनी विचारलंच नव्हतं.

"पितळ पाण्याच्या किती पट जड, ते काढायचं होतं. हवेतलं वजन घ्यायचं, पाण्यात बुडवल्यावर किती कमी भरतं ते पाहायचं, आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. मीही त्याला दरडावून विचारलं, हे तोळे कशाला? तर म्हणतो, साहेब, तोळ्याला तोळ्यानं भागलं की तोळा उरतच नाही. ग्रॅम करून भागलं तरी उत्तर हेच. मग फुकटचा गुणाकार कशाला करू?" परीक्षक हसायला लागले. "गुण सांगायची मला बंदी आहे. पण तुम्ही छान शिकवलंत."

"मी?" मास्तर म्हणाले. "मी तर त्याला ग्रॅमच करायला सांगितलं होतं."

"मग त्याहून छान," परीक्षक म्हणाले आणि अर्धं केळं त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवलं.

गाडी गेली तरी मास्तर बाकावरच होते. साधा भागाकार, वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला, आणि भीतीपोटी आपल्याला आठवला नाही! त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं वाटत होतं.

उन्हं कलताना ते नावेतून जैनाबादला उतरले. बोडक्या डोक्यानं आलेले मास्तर पाहून सोजरबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. प्रभाकर दारामागं सरकला.

"उडला ना पोरगा?" ती म्हणाली. "सांगून टाका मास्तर. मी मन घट्ट केलं हाये."

मास्तरांनी प्रभाकरला पुढं ओढलं. सवयीनं त्याचा कान धरला, आणि तो पिळायचं सोडून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. ज्या आवाजाला सगळं हायस्कूल भीत होतं, तो त्या दिवशी अंगणातसुद्धा नीट ऐकू आला नाही.

"सोजरबाई, यादवला निरोप धाडा," ते म्हणाले. "जिनातली जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक म्हणावं."