ढाब्यावरची मुशी

चौक गावाला जुन्या हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे आणि त्याला लागूनच किशोरचा ढाबा. त्यामुळे हा माणूस मला रोज ऐकावा लागतो.

किशोरने समुद्र पाहिलाय तो काठावरून. एकदा होडीत बसला होता, तर बंदर सुटायच्या आत ओकला. पण गल्ल्यामागे पाकट या चपट्या माशाची वाळकी, काटेरी शेपटी टांगून ठेवलीय, आणि येईल त्याला सांगतो की हे पाकट आपण स्वतः ओढलं. मुंबईची पोरं तोंडाचा आ करून ऐकतात. समुद्र त्यांच्या घराशेजारी, आणि मासळी समजून घ्यायला येतात घाटाच्या पायथ्याला. गिऱ्हाईकही त्याला शोभेलसंच मिळतं.

छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात हल्ली पापलेट कमी आणि मुशी, पाकट जास्त. मुशी म्हणजे शार्कच, पण सापडते ती बहुतेक हातभर, पुरती न वाढलेली. किशोर ती टेंपोने मागवतो, गरम पाण्यात बुडवून वाळूसारखी खरखरीत कातडी खरवडतो, चौकोनी तुकडे पाडतो आणि पाटीवर लिहितो ‘बोनलेस सुरमई’. मसाला असा थापतो की आत कापूस असला तरी कळू नये. वर मासळीतलं आपल्याला कळतं म्हणून टेंभा मिरवतो.

हे सगळं मी चालवून घेत होतो. मग त्याची सून सुप्रिया गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. कळंबला तिची आई भागूबाई वाट बघत होती. किशोरने अडवलं. माझा नातू हायवेला, दवाखान्याजवळ जन्मणार, कळंबच्या बांधावर नाही, म्हणाला. नातूच होणार हेही यानेच ठरवलेलं. आणि झाला नातूच, मग काय विचारता, जणू कळा यालाच आल्या होत्या. किशोरची बायको वारलेली, घरात करणारं कोणी नाही, म्हणून भागूबाईलाच येऊन राहावं लागलं, ढाब्यामागच्या खोलीत, भट्टीच्या धुरात.

सुप्रियाला दूध येईना. बाळ रडून रडून दमायचं. बाळंतिणीला दुधासाठी मुशीचं कालवण देतात हे आमच्याकडे कोणालाही माहीत असतं. भागूबाईने किशोरला सांगितलं की मुशी आणा, पण बारकी आणि ताजी, मोठीला उग्र वास मारतो, तो पोरीला सोसायचा नाही. एवढं करूनही दूध आलं नाही तर मी दोघांना कळंबला नेणार, हेही तिने माझ्यादेखत सांगितलं. बारकी मुशी ज्याच्याकडे टेंपोने येते, त्याला यात अवघड ते काय होतं?

पण बारकी मुशी गिऱ्हाइकांच्या ताटात जाते. नातवासाठी तीच आणली तर किशोरचा तोरा कुठे राहिला? दुसऱ्या दिवशी टेंपोतून उतरली ती पुरुषभर लांब, टम्म पोटाची मुशी. टेंपोवाला म्हणाला की कोळीण ही द्यायला तयार नव्हती, गाभण आहे म्हणत होती. किशोरने तिकडे लक्षही दिलं नाही.

कापायची ती स्वयंपाकघरात गुपचूप कापावी ना? याने अंगणात फळी मांडली. जेवणारी गिऱ्हाइकं उष्ट्या हातांनी उठवून आणली. मुलगा ओमकार बापापुढे कधी तोंड न उघडणारा. त्याच्या हातात आपला मोबाइल देऊन व्हिडिओ काढायला लावलं. दारात भागूबाई, तिच्यामागे सुप्रिया, कुशीत रडणारं बाळ.

किशोरने पोटावर सुरी ओढली आणि पिल्लं बाहेर पडली. पुरत्या दिवसांची, जिवंत. फळीवर वळवळत होती. गिऱ्हाइकांनी शिट्ट्या मारल्या. किशोरने त्यातलं एक शेपटीला धरून मोबाइलसमोर नाचवलं.

"ही बगा खरी ताजी. फ्राय करतो, आजची स्पेशल."

सुप्रियाने बाळाचं तोंड पदराखाली घेतलं. त्या घरात तिचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकला.

"आये, माजी पिशवी भर. हितं मला दूध येनार नाय."

भागूबाई आत गेली, पिशवी घेऊन बाहेर आली आणि किशोरपुढे थांबली. "बारकी आना म्हनलं व्हतं, व्याही," एवढंच बोलली. ओमकारने मोबाइल फळीवर ठेवला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघींबरोबर रिक्षात जाऊन बसला. किशोरने मला सांगितलं की संध्याकाळपर्यंत झक मारत परत येतील, आणि कढई तापत ठेवली.

कोणी आलं नाही. कळंबला सुप्रियाला दूध आलं. बारक्या मुशीने आलं की धूर सुटला म्हणून आलं, देव जाणे. ओमकार तिकडेच एका रिसॉर्टवर कामाला लागलाय. किशोर एकदा सुरमई टिक्क्याचं पार्सल घेऊन गेला होता. भागूबाईने ओटीवर चहा दिला. बाळ झोपलंय म्हणाली.

तो व्हिडिओ मात्र त्याने जपलाय. दर टेबलाला दाखवतो. त्यात शिट्ट्यांच्या मागे बाळाचं रडणं ऐकू यायचं आणि गिऱ्हाइकं विचारायची, कोण रडतंय हो? नातवाचा आवाज म्हणून त्याच्याकडे तेवढाच होता. किशोरने त्यावर गाणं टाकलं.