हात सुटला का गो?

साच्यातून मूर्ती अखंड बाहेर आली की आमच्या पेणला म्हणतात, सुटली. मी आठ वर्षांची असताना माझा हात प्लास्टरमध्ये अडकला आणि तेव्हापासून आळीतली माणसं मला 'हात सुटला का गो?' असंच विचारतात. आता माझी पंचेचाळिशी आली, रोह्याला संसार झाला, मुलगी कॉलेजात जाते, तरी माहेरी एसटीतून उतरले की कोणीतरी विचारतंच. मी हसते. त्या हसण्याचा मला वीट आलाय.

झालं ते हसण्यासारखंच होतं, नाही कशाला म्हणू? आमचा गणपतीचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. साच्यातून गणपतीचे हात निघतात, तर माझाही निघेल, असं मला वाटलं. लहान घमेल्यात प्लास्टर भिजवून ठेवलं होतं. त्यात मी मनगटापर्यंत हात खुपसला आणि शहाण्यासारखी गप्प बसले. प्लास्टर घट्ट होताना तापतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोंब मारत उठले तर घमेलंही हाताबरोबर उठलं. बाबा पटाशीने प्लास्टर फोडत होते आणि कारागीर पोट धरून हसत होते. दोन बोटं आणि मनगट भाजलं. डाग अजून आहेत, पांढरट, ताणलेल्या कातडीचे.

खरं सांगायचं तर भाजल्याचं मला दुःख नव्हतं. भंगलेल्या मूर्ती शेडच्या कोपऱ्यात पडलेल्या असायच्या, त्यांच्यावर मी डोळे काढायचे. डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते आणि घरातला एकच माणूस करतो. मी काढलेले डोळे बाबांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "हात हाय पोरीला." त्या एका वाक्यावर मी दहावीपर्यंत जगले.

दहावी झाल्यावर मी आखणीचा कुंचला मागितला.

"दिला असता गो," बाबा म्हणाले. "पण तुझा हात भाजलेला. आखणीत हात थरथरला तर देव चकणा होतो."

कुंचला माझ्या भावाला मिळाला. त्याच्या हाताला कधी काही झालं नव्हतं, तरी त्याचे निम्मे गणपती शेजारच्या गणपतीकडे बघत बसतात. मला मूर्ती घासायला बसवलं. घासायला तोच भाजलेला हात चालत होता. त्या दिवशी मी काही बोलले नाही, आणि याचा राग मला बाबांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

पुढे स्थळं आली तेव्हा डागाची गोष्ट पाहुण्यांना चहापोह्यांबरोबर सांगितली गेली. रोहेकर हसले. लग्न ठरलं. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी घरी कॅलेंडरच्या पाठीमागे डोळे काढायचे. एकही चकणा नव्हता.

यंदा गणपतीच्या आधी पेणला गेले होते. बाबा थकलेत, पण शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. मूर्ती बुक करायला एक गिऱ्हाईक आलं होतं. बाबांनी त्याला माझी गोष्ट सांगितली, अगदी घमेल्यासकट, आणि शेवटी नेहमीचं जोडलं, "हात भाजला नसता तर आखणी हिच्याकडंच असती."

गिऱ्हाईक हसत गेलं. मी बाबांसमोर बसले आणि दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेवले.

"कुठला हात, बाबा?"

त्यांनी जराही विचार न करता उजवा उचलला. उलटा केला, सुलटा केला. चष्मा वर सरकवून एकेक बोट तपासलं. डाग डाव्या हातावर आहेत. मी लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने आणि डोळेही उजव्यानेच काढले, त्यांच्या डोळ्यांदेखत.

त्यांनी माझा हात हळूच खाली ठेवला. 

"चहा ठेव गो," ते म्हणाले.

मी उठून चहा ठेवला.